'येथील सर्व कुशल' : परदेशस्थ कुटुंबाची प्रकृती आणि मराठी वाङ्मय

जुन्या पद्धतीच्या मराठी पत्राचा मायना ज्यांनी लहानपणी गिरविला आहे, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. कामाच्या मजकुरास हात घालण्यापूर्वी 'येथील सर्व कुशल, आपले कुशल कळवीत असावे' अशा अर्थाचे एक वाक्य यावयाचेच. घरात मूल तापाने फणफणलेले असले तरी ते वाक्य बदलत नसे. फार तर सर्व मजकूर संपल्यावर, कागदाच्या समासात, आडव्या अक्षरांत एक ओळ येई : प्रकृती किंचित नरम आहे, काळजी नसावी. परदेशी जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाविषयी गेल्या एकशेचाळीस वर्षांत जे वाङ्मय मराठीत निर्माण झाले, त्याचे अवलोकन करू लागलो म्हणजे ह्या मायन्याची आम्हांस वारंवार आठवण होते. त्या वाङ्मयात पराक्रम आहे, विनोद आहे, विरहाचे अश्रूही आहेत. प्रकृती मात्र बहुधा समासात आहे.

प्रकृती हा शब्द आम्ही येथे व्यापक अर्थाने योजीत आहो. केवळ दुखणे म्हणजे प्रकृती नव्हे. परक्या देशी घर मांडलेल्या माणसाच्या पोटात काय जाते, त्याला झोप लागते की नाही, थंडीत घर उबदार राहते की धुराने भरते, दिवसभरात त्याच्याशी आपल्या भाषेत कोणी चार शब्द बोलते की नाही, बाळंतिणीच्या अंगाला तेल कोण लावते, ह्या सर्वांचा त्यात समावेश होतो. ह्या गोष्टी क्षुल्लक आहेत, वाङ्मयाच्या योग्यतेच्या नाहीत, असा एक समज आपल्याकडे आहे. तो समज तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा विचार विद्यानगरात बसून सुचावा ह्यात नवल नाही. हैदराबादेतील मराठी घरे ही मुळात नोकरीच्या निमित्ताने किंवा संस्थानी राजवटीच्या आश्रयाने गाव सोडून आलेल्यांची घरे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा निराळा झाला, तेव्हा ही मंडळी येथेच राहिली. आता त्यांची मुले व नातवंडे समुद्रापार निघाली आहेत. २००८ साली ह्या शहरात अमेरिकन वकिलात उघडली. तिच्याही आधीपासून चिलकूरचा बालाजी 'व्हिसा बालाजी' म्हणून प्रसिद्धी पावला होता. नवस बोलताना अकरा आणि नवस फेडताना एकशेआठ प्रदक्षिणा, असा तेथील प्रघात आहे. (प्रदक्षिणा घालणाऱ्यांत ज्याला जावयाचे आहे त्याच्या आईवडिलांची संख्या थोडी नसते, आणि त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही.) शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालकांचा जो अर्ज येतो, त्यात कारणाच्या रकान्यात 'वडिलांची परदेशी नोकरी' हे शब्द आम्ही कित्येकदा वाचले आहेत. अर्ज घेऊन येणाऱ्या पालकाची मुद्रा प्रसन्न असते. त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलाच्या मुद्रेविषयी मात्र तितक्या खात्रीने काही सांगता येत नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. १८८३ हे साल ह्या विषयाच्या दृष्टीने असाधारण होय. त्या एका वर्षात तीन मराठी स्त्रिया आणि एक दोन वर्षांचे मूल समुद्र ओलांडून गेले. आनंदीबाई जोशी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. पंडिता रमाबाई आपली मुलगी मनोरमा हिला आणि सहचारिणी आनंदीबाई भगत ह्यांना घेऊन इंग्लंडात वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास गेल्या. ह्या चौघींपैकी आनंदीबाई भगत ह्यांनी त्याच वर्षी वाँटेजला आत्महत्या केली. आनंदीबाई जोशी पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने निवर्तल्या. तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रमाबाई जगल्या, पण वैद्यकाचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा वाढत्या बहिरेपणामुळे तेथेच खुंटली. मराठी कुटुंबाच्या परदेशवासाचा वाङ्मयीन इतिहास हा असा प्रकृतीच्या इतिहासापासून आरंभ पावतो. आणि तरीही आपण तो कर्तृत्वाचा इतिहास म्हणूनच वाचीत आलो.

आनंदीबाईंचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. त्यांचे स्थलांतर अमेरिकेपासून सुरू झाले नाही. गोपाळराव टपाल खात्यातले. कल्याण सुटल्यावर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर अशी त्यांची बिऱ्हाडे हलत गेली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. बंगालमध्ये असतानाच आनंदीबाईंना डोकेदुखी, अधूनमधून ताप आणि धाप ह्यांचा त्रास जडला होता, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई पत्रांतून त्यांची प्रकृती विचारून अमेरिकेतून औषधे पाठवीत होत्या. तेव्हा 'अमेरिकेच्या थंडीने बळी घेतला' हे जे सोपे विधान केले जाते ते अपुरे आहे. नोकरीपायी वारंवार उखडल्या जाणाऱ्या बिऱ्हाडात, अर्धवट वयात, शेजार नाही, माहेर नाही, नवऱ्याचा शिकविण्याचा आग्रह मात्र अखंड, अशा स्थितीत जी प्रकृती तयार झाली तीच पुढे बोटीवर चढली.

अमेरिकेस निघताना आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या सभेत हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असा आपला निश्चय प्रकट केला. हा निश्चय पाळावयाचा म्हणजे कोठे पाळावयाचा? पुराणमतवाद्यांच्या सभेत नव्हे. तो पाळला जावयाचा तो ताटात आणि अंगावरच्या वस्त्रात. त्या शाकाहारी राहिल्या, शिकता शिकता स्वतःचे अन्न स्वतः शिजवीत राहिल्या. नऊवारी नेसणे तेथे थंडीला आणि तिकडच्या शिष्टाचाराला पुरेना, तेव्हा पाय घोट्यांपर्यंत झाकणारे गुजराती पद्धतीचे नेसणे त्यांनी पत्करले. फिलाडेल्फियातील त्यांच्या बिऱ्हाडाची चूल धुराची होती. ती पेटवावी तर खोली धुराने भरे, न पेटवावी तर हाडे गोठत. धूर की थंडी, ह्यांतून एकाची निवड रोज करावी लागे. क्षयाकडे झुकलेल्या छातीला ह्याहून वाईट पर्याय कोणते असावेत? कार्पेंटरबाईंच्या घरी घालविलेले पहिले काही महिने तेवढे खऱ्या अर्थाने सुखाचे गेले. त्या बाईंना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. परक्या देशी आरोग्याची पहिली गरज कोणती, ह्याचे उत्तर ह्या एका संबोधनात सापडते असे आम्हांस वाटते. औषधे श्रीरामपूरलाही आली होती. मावशी रोझेललाच भेटली.

हा सर्व तपशील आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः पत्रांमुळे. कॅरोलिन डॉल ह्या अमेरिकन बाईंनी १८८८ साली लिहिलेले इंग्रजी चरित्र आणि काशीबाई कानिटकरांनी पुढे मराठीत लिहिलेले चरित्र ह्या दोन्हींचा प्राण पत्रे हाच आहे. काशीबाईंच्या चरित्राचे महत्त्व असे, की एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे चरित्र लिहिताना घरगुती तपशील कमी प्रतीचा मानला नाही. पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी ह्यांची 'आनंदी गोपाळ' प्रसिद्ध झाली आणि आनंदीबाईंची ओळख महाराष्ट्राला नव्याने झाली. ही कादंबरी मराठीतील उत्तम चरित्रात्मक कादंबऱ्यांत गणली जाते, ती योग्यच. परंतु कादंबरीला नाट्य हवे असते. गोपाळरावांचा विक्षिप्त, हट्टी, कधी क्रूर वाटणारा स्वभाव आणि त्याच्याशी झगडत, त्यावर प्रेम करीत उमलत गेलेली आनंदी, हा त्या कादंबरीचा गाभा झाला. दोन इच्छाशक्तींच्या ह्या संघर्षात देह हा केवळ रणभूमी उरतो. आजार येतो तो शोकांतिकेचा शेवट म्हणून. धुराच्या चुलीपाशी बसून अभ्यास करणाऱ्या मुलीची रोजची संध्याकाळ मात्र आपल्याला पत्रांतच शोधावी लागते. २०१९ च्या चित्रपटानेही हीच वाट चालविली.

येथे प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. आजाराला आपण हौतात्म्याचे वस्त्र चढविले, की तो टाळता येण्यासारखा होता का, हे विचारणेच अप्रशस्त ठरते. चूल बदलता आली असती का? कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीच्या गौरवात, तिकडे जाण्याइतके बळ त्या देहात उरले आहे की नाही, हे कोणी पाहिले का? हुतात्म्याच्या बाबतीत असे प्रश्न विचारावयाचे नसतात. म्हणूनच परदेशी जाणाऱ्या मुलीला शाळेच्या निरोपसमारंभात आनंदीबाईंचा आदर्श सांगितला जातो, तेव्हा त्यात उमेद किती आणि अजाणता दिलेली सोसण्याची आज्ञा किती, असा संशय आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

रमाबाईंचे प्रकरण निराळे. 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) हे मुळात पत्रच; पण ते लिहिणारी स्त्री आपले दुखणे सांगण्यासाठी लेखणी उचलणारी नव्हती. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) ह्या ग्रंथात अमेरिकेतील शिक्षण, स्त्रियांची स्थिती, धर्मादाय संस्था, एवढेच काय पण तेथील घरेदारेसुद्धा त्यांनी बारकाईने वर्णिली आहेत. दुसऱ्यांच्या घराचे इतके डोळस वर्णन त्या काळच्या मराठी गद्यात क्वचित आढळेल. मात्र स्वतःच्या घराविषयी, म्हणजे त्या आणि मनोरमा ह्या दोघींच्या घराविषयी, त्या जवळजवळ मुक्या आहेत. मुलगी कोणाच्या देखरेखीखाली वाढावी, तिच्यावर कोणते संस्कार व्हावेत, ह्याविषयी वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो दीर्घ आणि कडवट वाद झाला, तो त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहारात आहे आणि तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९७७ साली. मराठी वाचकाला समाजशास्त्र मिळाले. आईची काळजी इंग्रजीत राहिली. आणि आनंदीबाई भगत? सहप्रवासिनी म्हणून गेलेली, स्वतःचे एकही पुस्तक मागे न ठेवता गेलेली ती स्त्री रमाबाईंच्या चरित्रात एका परिच्छेदाची धनीण होते. परक्या भाषेत, परक्या धर्माच्या वास्तूत, आपल्याला येथे बाटवितील ह्या भीतीत तिचे मन कसे पोखरत गेले असेल, ह्याची कल्पना करण्याचे धैर्य मराठी कथाकारांनी अद्याप फारसे केलेले नाही. कुटुंबात जो मुख्य माणूस असतो त्याच्यासाठी सारे निघतात. मागोमाग जाणाऱ्याचे मन प्रथम खचते. हा नियम १८८३ इतका आजही खरा आहे.

ह्या परंपरेत एक पुस्तक आम्हांस विशेष प्रिय आहे आणि ते आज कोणी फारसे वाचीत नाही. पार्वतीबाई आठवले ह्यांची 'माझी कहाणी' (१९२८). कर्व्यांच्या संस्थेसाठी निधी गोळा करणारी ही विधवा पन्नाशीच्या जवळ आल्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेच्या कामासाठी एकटी अमेरिकेस गेली, आणि तेथे निर्वाह चालावा म्हणून तिने लोकांच्या घरी घरकाम केले. ज्या काळात परदेशगमन म्हणजे बॅरिस्टरी असे समीकरण होते, त्या काळात मराठी ब्राह्मण स्त्रीने परक्यांची भांडी घासली आणि मायदेशी परतून ते साध्या शब्दांत लिहिले. पार्वतीबाईंच्या गद्यात अलंकार नाही. पण काम करणाऱ्या देहाविषयी त्यांना संकोचही नाही. दमणे, भाषा न कळल्यामुळे होणारी फजिती, अन्नाची अडचण, हे सर्व त्या निधीचा हिशेब मांडावा तशा मांडतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची विनोदबुद्धी त्यांच्यापाशी नाही हे खरे. परंतु परदेशी श्रम करणाऱ्या मराठी माणसाचे पहिले प्रामाणिक वृत्त म्हणून ह्या पुस्तकाची गणना व्हावयास हवी होती. ती झाली ती 'सुधारणेच्या इतिहासाचे साधन' म्हणून.

स्वातंत्र्यानंतर प्रवासवर्णनाला बहर आला. पु. ल. देशपांडे १९५८ च्या सुमारास दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि १९६० साली 'अपूर्वाई' आली. तिच्या लोकप्रियतेविषयी नव्याने काही सांगावयास नको. पण 'अपूर्वाई' हे पाहुण्याचे पुस्तक आहे, हे विसरून चालणार नाही. पाहुण्याला थंडीची गंमत वाटते, कारण परतीचे तिकीट खिशात असते. बेचव अन्न हा त्याला विनोदाचा विषय असतो, कारण घरच्या वरणभाताची तारीख ठरलेली असते. पु. लं.नी जे लिहावयाचे ते अप्रतिम लिहिले. दोष असलाच तर त्यांच्यामागून आलेल्या आणि राहावयास गेलेल्या, पण तरीही पाहुण्याच्याच सुरात लिहीत राहिलेल्या लेखकांचा आहे.

१९६५ साली अमेरिकेने परदेशस्थांच्या प्रवेशाचा कायदा बदलला आणि मराठी डॉक्टर व इंजिनियर मोठ्या संख्येने तिकडे स्थायिक होऊ लागले. त्याची प्रतिक्रिया मराठी रंगभूमीवर उमटली ती जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' ह्या नाटकाच्या रूपाने. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात, आणि घरात दोन वृद्ध जीव. ह्या नाटकाने प्रेक्षकांना किती रडविले हे आमच्या पिढीला सांगावयास नको. मागे राहिलेल्यांचे आरोग्य हाही स्थलांतराचाच भाग आहे हे दळवींनी प्रथम ठसठशीतपणे दाखविले, ह्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र ह्या नाटकातील अमेरिकेतला मुलगा रंगमंचावर एक पोकळी म्हणून वावरतो. तो तिकडे कसा जगतो, त्याला झोप लागते का, हे प्रेक्षकाने विचारावयाचे नाही. विचारले तर अश्रूंची धार खंडित होईल. 'संध्याछाया'चे यश मोठे, पण त्यामुळे परदेशस्थ मुलगा म्हणजे कृतघ्न मुलगा हा साचा मराठी नाटकांत व कथांत असा रूढ झाला की त्यातून बाहेर पडणे पुढील लेखकांना कठीण गेले. गौरी देशपांडे तेवढ्या त्या साच्याकडे फिरकल्या नाहीत. 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (१९८५) किंवा त्यांच्या अन्य दीर्घकथांतील परदेशी राहिलेल्या स्त्रिया स्वतःच्या मनाचा आणि देहाचा विचार निःसंकोचपणे करतात. त्यांचे जग मात्र सुस्थितीतले आहे; महिनाअखेरीस विम्याचा हप्ता भरताना विचार करणाऱ्या नोकरदाराच्या घरापर्यंत ते पोचत नाही.

त्या घराची कथा आता कोणी लिहावी? विषय तर ढीगभर आहेत. अमेरिकेतील एच-वन परवान्यावर काम करणाऱ्याच्या पत्नीला कित्येक वर्षे तेथे नोकरी करण्याची मुभाच नव्हती. २०१५ साली त्यांतील काहींना, पतीच्या कायम वास्तव्याच्या अर्जाची विशिष्ट पायरी ओलांडली असल्यास, ती मिळाली. येथे शाळेत किंवा बँकेत काम केलेली पदवीधर स्त्री तेथे दिवसभर बंद घरात बसते, ह्या घटनेत एका उत्तम कादंबरीचे बीज आहे. आपल्याकडील लोकांस मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने लवकर व बेताच्या वजनावरही गाठतात, आणि उत्तरेकडील अंधाऱ्या हिवाळ्यात सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही, हे डॉक्टर सांगतात. बैठे काम आणि जेवणाच्या बदललेल्या वेळा त्यात भर घालतात. मुलगी किंवा सून बाळंत व्हावयाची झाली की येथून आई, नाही तर सासू, डिंक, आळीव, बाळंतशोपा घेऊन निघते. तिला बहुधा सहा महिन्यांची मुदत मिळते. ती स्वतः साठीची, रक्तदाबाची गोळी घेणारी असते, आणि पाहुण्यांसाठीचा जो विमा तिच्यासाठी उतरविलेला असतो त्यात आधीपासून असलेली दुखणी सहसा धरलेली नसतात. बाळंतिणीची काळजी घ्यावयास गेलेल्या ह्या स्त्रीची काळजी परक्या गावी, बर्फात, कोण घेतो? मार्च २०२० मध्ये महामारीमुळे विमाने बंद पडली तेव्हा अशा कितीतरी आया तिकडे अडकल्या, आणि इकडे कितीतरी घरांत मुलाने पित्याचे अंत्यदर्शन भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घेतले. 'संध्याछाया'चा दुसरा अंक लिहावयास ह्याहून निराळे निमित्त काय हवे?

आखाताकडे गेलेल्यांविषयी तर बोलावयासच नको. निजामाबाद, करीमनगरकडचे आमचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जात आहेत. तेथे ठराविक पगार असल्याखेरीज कुटुंब नेण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून घर दोन देशांत विभागले जाते आणि उन्हात राबणाऱ्याचे दुखणे घरी कळते ते परतल्यावर. मल्याळम भाषेत बेन्यामिन ह्यांची 'आडुजीवितम्' ही कादंबरी २००८ साली ह्याच विषयावर आली आणि घराघरांत वाचली गेली. तिच्या तोडीचे नाव मराठीत घ्यावयाचे झाले तर आपण अडखळतो.

आजच्या लेखकासमोर एक नवीच अडचण आहे. आनंदीबाईंना पत्र लिहावयास बसावे लागे. बसले म्हणजे समासातली ओळ लिहिली जाई. आज रोज सायंकाळी आजीआजोबांना पडद्यावर नातवंड दिसते, हसते, हात हलविते. चेहरा दिसत असल्यामुळे प्रकृती विचारण्याची गरजच कोणाला भासत नाही. 'मजेत' हा एक शब्द जुन्या मायन्याचे सारे काम करतो, आणि त्याला समासही नाही. भाषा कमी झाली की दुखणे सांगावयास शब्दही उरत नाहीत. परदेशी दोन वर्षे राहून परतलेल्या मुलाला पोटात 'कळ येते' आणि 'मुरडा येतो' ह्यांतील भेद मराठीत सांगता येत नाही, हे वर्गात पाहिलेल्या शिक्षकास ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटणार नाही.

ह्या बाबतीत साहित्यसंस्थांना करण्यासारखे एक काम आहे. १९६० ते १९९० ह्या काळात परदेशातून आलेली निळी हवाईपत्रे काचीगुडा, नारायणगुडा, विद्यानगर येथील मराठी घरांतून पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत, आणि घरे पाडून इमारती उठत असल्यामुळे ती झपाट्याने रद्दीत जात आहेत. ह्या पत्रांची निवड करून, घरच्यांच्या संमतीने आणि जेथे त्यांची इच्छा असेल तेथे नावे गाळून, एक संग्रह काढता येईल. त्यास विद्वत्तापूर्ण प्रस्तावनेची आवश्यकता नाही. शुद्धलेखन सुधारू नये. मजकुराच्या शेवटी आणि कडेला, जागा संपल्यावर आडव्या अक्षरांत जे लिहिलेले असेल, ते त्याच जागी छापावे. आणि ज्या पत्रात तसे काहीच नसेल, त्याच्या तारखेच्या आसपासचे दुसरे पत्र त्या पेटीत आहे का, हे पाहावे.